ईरण्णा मास्तरांची अकरा मिनिटं

ईरण्णा मास्तरांना कुणी वेळ विचारली की ते लगेच सांगत नसत. आधी विचारत, "कशाला पायजे?"

विचारणारा गोंधळून जाई. मग मास्तर समजावत, "जेवायला पायजे असंल तर साडेबारा झाले. कचेरीत हजर व्हायचं असंल तर बारा सत्तावीस. आन् नुस्ती खरी वेळ पायजे असंल तर जरा बसा, बघून सांगतो."

बहुतेक लोक जेवायच्या वेळेवर समाधान मानून निघून जात. मला तसं जाता येत नसे, कारण मी त्यांच्याच घरात पुढची खोली घेऊन राहत होतो.

मी मूळचा तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला. उर्दू बरं होतं म्हणून निजामाच्या राज्यात नायब तहसीलदाराच्या कचेरीत मुन्शी लागलो आणि सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या त्या गावात येऊन पडलो. अणदूर तिथून दीड कोस. गावात कचेरी, सरकारी मदरसा म्हणजे शाळा, आणि मंगळवारचा बाजार, एवढ्यात सगळं आलं. मास्तर मदरशात हिसाब आणि भूगोल शिकवत. बुटके, सावळे, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि अंगात सरकारी नोकराची काळी शेरवानी. शेरवानीच्या आतल्या खिशात घड्याळ. बोलता बोलता ते घड्याळ काढून कानाला लावत. किती वाजले हे पाहायला नव्हे. चालू आहे ना, एवढंच ऐकायला. ऐकून झालं की चेहरा घटकाभर सैल पडे आणि पुन्हा आवळून येई.

"कधी बंद पडलं होतं का?" मी एकदा विचारलं.

"न्हाय. इतक्या वर्सांत एकदा बी न्हाय."

"मग?"

"म्हणून तर भ्या वाटतं," मास्तर म्हणाले.

मदरशातल्या त्यांच्या खोलीच्या पत्र्याला त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक पाडून घेतलं होतं. त्यातून उन्हाचा कवडसा खाली शहाबादी फरशीवर पडे. फरशीत दक्षिणोत्तर एक रेघ कोरलेली. कवडसा सकाळपासून सरकत सरकत, मिनिटाला बोटभर अशा चालीनं, सूर्य माथ्यावर आला की बरोबर त्या रेघेवर येई. मुलं रेघेच्या दोन्ही अंगांना बसत. रेघेवर पाय द्यायची परवानगी कुणालाच नव्हती, मुलांना नाही आणि तपासणीला आलेल्या साहेबालाही नाही. कवडशाची कड रेघेला टेकली की शिकवणं थांबे, खोलीत कुणी खोकत नसे, आणि मास्तर हातातल्या घड्याळाकडं बघत उभे राहत.

आमच्याकडं सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. सारा देश एका वेळेवर चालतो आणि ती वेळ आमच्या पूर्वेला खूप दूरच्या रेषेवरची. म्हणून आमच्याकडं साधारण पंचवीस मिनिटांचा उशीर. तोही वर्षभर सारखा राहत नाही, ऋतूप्रमाणं कमीजास्त होतो. मास्तरांनी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. कवडसा बघायचा, तक्त्यातली त्या दिवसाची मिनिटं मिळवायची, की वेळ हाती आली.

कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळही त्यांच्याच ताब्यात. तशी नेमणूक कुणी केलेली नव्हती, पण दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. लाडलेसाब नावाचा म्हातारा शिपाई त्या घड्याळाकडं बघून दारातल्या पितळी तासावर टोल देई, आणि त्या टोलांवर गाव उठे, जेवे, दिवे लावी. घड्याळाच्या लंबकाचा दांडा लाकडी, खाली पितळी गोळा आणि गोळ्याच्या बुडाला एक चक्री. चक्री फिरवून गोळा वर चढवला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पळू लागतं. खाली उतरवला की रेंगाळतं. घड्याळ मागं पडलं तरी मास्तर काट्याला बोट लावत नसत.

"काटा सरकवला म्हंजे घड्याळ दुरुस्त न्हाय हुत, नारायणराव," ते म्हणत. "त्याला त्याच्या पायानं वेळेवर आणायचं."

पावसाळ्यात कवडसा मिळत नसे. मग मास्तर महिन्यातून एकदा वेळ आणायला सोलापूरला जात. हे शब्द त्यांचेच. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. तिथल्या ठेसनाला तारेनं वेळ येई. मास्तर ठेसनातल्या घड्याळासमोर उभे राहून आपलं घड्याळ लावून घेत आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून परत येत. सडक खडबडीत. ते सगळा वेळ एक हात छातीवर घट्ट धरून बसत, धक्क्यानं वेळ सांडेल असं वाटत असल्यासारखे.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. तिथं सामान तपासून जकात घेत. नव्यानं आलेल्या नाकेदारानं त्यांना छातीवर हात धरून उतरताना बघितलं आणि अडवलं.

"शेरवानी में क्या है, मास्टर?"

"टाइम लाया, साब."

नाकेदारानं शेरवानी उघडून बघितली. घड्याळ कानाला लावलं, उलटंपालटं केलं. मास्तर खाली ओंजळ धरून उभे होते. शेवटी तो म्हणाला, "इस पर महसूल नहीं है. जाओ." पुढच्या खेपेपासून तोच नाकेदार मास्तरांची वाट बघत थांबे आणि आपलं घड्याळ त्यांच्यावरून लावून घेई.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत इंग्रजांनी आपल्या मुलखातली घड्याळं तासभर पुढं केली. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. ते ठेसनात गेले, घड्याळ बघितलं आणि तिथल्या बाकड्यावर मटकन बसले. महिनाभरात एका तासाची चूक आपल्या हातून झाली, असंच त्यांना वाटलं. ठेसनमास्तरानं पाणी देऊन सरकारी हुकूम समजावला तेव्हा ते उठले. पण त्या दिवशी ते मोटारीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा ताप आल्यासारखा होता. "हुकूम झाला, तास गेला," एवढंच बोलले आणि जेवलेही नाहीत.

माणूस कायम असा धास्तावलेला. तरी ती धास्ती आवाक्यातली होती. कारण शेवटी एक गोष्ट पक्की होती, असं ते मानत. माणसं चुकतात, लंबक उन्हात लांबतो, तेल घट्ट होतं. पण वर तारे आहेत, खाली पृथ्वी फिरते आहे, आणि ती चुकत नाही.

लढाई संपत आली तेव्हा हैदराबादहून त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी एक इंग्रजी मासिक पाठवलं. मास्तर ओट्यावर बसून ते वाचत होते. दुसऱ्या दिवशीही तेच वाचत होते. तिसऱ्या दिवशी शांतक्का, म्हणजे मास्तरांची बायको, माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी तरी इचारा," त्या म्हणाल्या. "भाकरी म्होरं ठिवली तर भाकरीकडं बघत बसतेत."

मी ओट्यावर जाऊन बसलो. मास्तरांनी मासिक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "नारायणराव, कचेरीतलं घड्याळ कशावरनं लावतात?"

"तुमच्या घड्याळावरनं."

"आन् माझं?"

"सोलापूरच्या ठेसनावरनं."

"ठेसनाला वेधशाळा सांगती. वेधशाळेला आकाशातले तारे. आन् तारे कशानं सरकल्यासारखे दिसतात?"

"पृथ्वी फिरती म्हणून."

"मग पृथ्वीच रेंगाळत असली तर?"

मासिकात तेच लिहिलं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी कुठल्या गावातून खग्रास ग्रहण दिसलं ते लिहून ठेवलं होतं. आजच्या चालीनं मागं हिशेब केला तर ते ग्रहण त्या गावाला दिसायलाच नको, दूर दुसरीकडं दिसायला हवं. याचा अर्थ त्या काळी दिवस किंचित लहान होता. पृथ्वी तेव्हा जास्त वेगानं फिरत होती, आणि तेव्हापासून हळूहळू मंदावत आली आहे. चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडं ओढून फुगवतो, पृथ्वी त्या फुगवट्याखालून फिरते, आणि पाण्याच्या त्या घासण्यानं तिचा वेग मारला जातो.

"किती मंदावते?" मी विचारलं.

"शंभर वर्सांत दिवस वाढतो तो सेकंदाचा हजारावा भाग, नाहीतर दोन भाग."

मला हसू आलं. मास्तरांना आलं नाही. "एन माडोदु," ते कानडीत पुटपुटले. काय करायचं, असा त्याचा अर्थ. मग म्हणाले, "थोडं का जास्त, तो प्रश्न न्हाय. चुकती, एवढं खरं. आन् नुस्ती मंदावत बी न्हाय. काही वर्सं जरा जल्दी फिरती, काही वर्सं हळू. का, ते कुणालाच नीट ठाव न्हाय. पोटात काही हालत असंल. वारा असंल."

शांतक्का दारातून ऐकत होत्या. "वाऱ्यानं कशी जल्दी फिरंल?" त्यांनी विचारलं.

मास्तर जरा विचार करून म्हणाले, "फुगडी घालताना तुमी हात आखडून जवळ आलात की काय होतं?"

"गरगर फिराय लागतो."

"आन् मागं रेललात की?"

"हळू होतं."

"तसंच. पृथ्वीवरचं पाणी, बर्फ, वारा आत-बाहेर सरकला की तिची फुगडी बदलती."

शांतक्कांना हे पटलं. त्या म्हणाल्या, "मग फिरू द्या की तिला तिच्या मनानं. तुमी भाकरी खावा." त्या दिवशी मास्तर जेवले. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी ती वर्गात सांगितली.

वर्गातून ती घरोघर गेली आणि जाता जाता वाढली. पृथ्वी मंदावते आहे, असं मास्तर म्हणाले होते. बाजारच्या दिवसापर्यंत पृथ्वी थांबणार आहे असं झालं. अणदूरच्या बायका खंडोबाला भंडारा वाहायला गेल्या. एक शेतकरी थेट मदरशात येऊन मास्तरांपुढं हात जोडून उभा राहिला. "मास्तर, किती दिवस ऱ्हायलेत तेवढं सांगा. पेरावं का न्हाय?" मास्तर त्याला समजावू लागले तसा तो आणखी घाबरला.

अफवेच्या बाबतीत सरकार तेव्हा फार कडक होतं. नायबसाहेबांनी मास्तरांना कचेरीत बोलावलं. नायबसाहेब हैदराबादचे, शिकलेले, वाईट माणूस नव्हे. पण वरून विचारणा झाली तर उत्तर द्यावं लागेल या काळजीत. त्यांनी मला जबाब लिहायला बसवलं आणि विचारलं, "मास्टर, ज़मीन कब रुकने वाली है?"

मास्तरांनी कुंभाराचं चाक मागवलं.

म्हादू कुंभार चाक घेऊन आला, कचेरीच्या आवारात मांडलं, आणि काठी खोचून गरगर फिरवलं. सगळी कचेरी भोवती जमली. मास्तरांनी एक ओलं फडकं दोन बोटांत धरून फिरत्या चाकाच्या कडेला हलकेच टेकवलं. "हे फडकं म्हंजे समुद्राचं पाणी. हे बोट चंद्राचं. बघा." चाक हळूहळू मंदावत गेलं. मास्तर बोलत होते, उर्दूत आणि मराठीत. पृथ्वीच्या बाबतीत हे फडकं इतकं हलकं आहे की आमच्या शंभर पिढ्यांनाही कळणार नाही, पेरणी करा, लग्नं लावा. नायबसाहेबांचा चेहरा निवळला. त्यांनी मला लिही म्हणून खूण केली.

तेवढ्यात म्हादू म्हणाला, "मास्तर, एक इचारू का? चाक मंदावलं की म्या काठीनं फिरवतो. पृथ्वीला काठी कोन लावतं?"

लोक हसले. मास्तर थांबलेल्या चाकाकडं बघत राहिले. "कुणी न्हाय," ते म्हणाले. "तेच तर." मग फडकं घडी करून त्यांनी खिशात ठेवलं. प्रकरण मिटलं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी अठ्ठेचाळीस साल आलं.

सोलापूरकडची हद्द बंद झाली. मोटारी थांबल्या. घासलेट मिळेना, मीठ मिळेना. रझाकारांच्या बातम्या रोज एका नव्या गावाहून येत. मदरसा बंद होता. श्रावण लागला आणि आभाळ असं भरून राहिलं की दिवसाही घरात दिसत नसे. सोलापूरची वेळ गेली, कवडसाही गेला. मास्तरांपाशी उरलं खिशातलं घड्याळ आणि कचेरीतलं, आणि त्या दोघांचं पटेना. खिशातलं कचेरीच्या सात मिनिटं पुढं गेलं होतं.

"खरं कुठलं?" मी विचारलं.

"मला ठाव न्हाय," मास्तर म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

गावाच्या शिवेवर सडकेला एक चौकी बसली. हुकूम निघाला की संध्याकाळी सहाच्या टोलानंतर सडकेवर कुणी दिसता कामा नये. जो दिसेल त्याला वर पाठवायचं. वर म्हणजे कुठं ते कुणी सांगत नसे. पहिल्या आठवड्यात दोघांना पाठवलं, त्यांची काही खबर आली नाही. तेव्हापासून साडेपाचलाच गाव दारं लावून घेई. मास्तर तर चार वाजल्यापासून कचेरीच्या पायरीवर येऊन बसत. "ह्या घड्याळावर आता माणसं टांगलीत, नारायणराव," ते म्हणाले. "आन् मी त्याला एकोणीस दिवस तपासलेलं न्हाय."

बुधवारी संध्याकाळी चौकीच्या हवालदारानं म्हादू कुंभाराला धरलं. म्हादूची लेक अणदूरला दिलेली, ती तापानं फणफणली होती. तिला बघून तो परत येत होता. हवालदाराच्या मनगटी घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हादू म्हणत होता, तास वाजलाच नव्हता. आणि खरंच, त्याला बांधून बसवल्यावर थोड्या वेळानं लाडलेसाबचे सहा टोल वाऱ्यावरून चौकीपर्यंत ऐकू आले होते.

गुरुवारी सकाळी नायबसाहेबांपुढं ते प्रकरण आलं. म्हादू जमिनीवर बसलेला, हात दोरीनं बांधलेले. दारात त्याची बायको पदर तोंडात धरून उभी. हवालदार म्हणाला, कचेरीचं घड्याळ मागं आहे, माझं बरोबर आहे. नायबसाहेबांनी मास्तरांना बोलावलं.

"मास्टर, ईमान से कहो. कचेरी की घड़ी सही है?"

मी लेखणी दौतीत बुडवून थांबलो. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग दारातून बाहेर बघितलं. आभाळ राखेसारखं होतं. त्या दिवशी त्यांनी 'कशाला पायजे' असं विचारलं नाही. कशाला पाहिजे ते समोर बसलं होतं. खोलीत लंबकाचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"सही है," ते म्हणाले.

"एक मिनिट का भी फ़र्क़ नहीं?"

"नहीं."

मी लिहिलं. त्यांनी खाली उर्दूत सही केली. इतक्या वर्षांत त्यांची सही मी शेकडो वेळा पाहिली होती. या सहीत शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. नायबसाहेबांनी म्हादूला सोडलं. हवालदार जाताना मास्तरांपाशी थांबला. मंगळवारी हैदराबादहून मोठे अंमलदार यायचे होते आणि त्यांच्या जीपमध्ये वायरलेस होता. "मंगल को पूछ लेंगे, मास्टर," तो म्हणाला.

शुक्रवार सुट्टीचा. दुपारी बाराच्या सुमाराला ढग फाटले. मास्तर पायात काही न घालता मदरशाकडं धावले आणि त्यांच्या मागं मी. खोलीत ओलीचा वास येत होता. कवडसा फरशीवर उमटला, रेघेपासून हातभर अलीकडं. पुसट झाला, गेला. मास्तर गुडघ्यांवर बसून होते, एका हातात घड्याळ, दुसरा हात फरशीवर टेकलेला. मी देवाचं नाव घेत होतो. खूप वेळानं कवडसा पुन्हा उजळला तेव्हा त्याची कड रेघेला लागत होती. तो रेघ ओलांडून गेला तोवर टिकला.

मास्तरांनी तक्ता बघितला, बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला.

"माझं चार मिनिटं मागं," ते म्हणाले. "कचेरीचं त्याच्या बी सात. अकरा मिनिटं मागं. पावसात दांड्यानं ओल धरली, लांबला."

"मग म्हादू?"

"हवालदाराचं कचेरीच्या पंधरा मिनिटं पुढं, काल बघितलं. म्हंजे खऱ्याच्या चार पुढं. म्हंजे म्हादू सडकेवर व्हता तवा सहा वाजून सहा मिनिटं झाली व्हती." त्यांनी रेघेवर हात ठेवला. "मी खोटं बोललो, नारायणराव. ईमानावर."

मी म्हणालो की आताच्या आता जाऊन काटा पुढं करू. मास्तरांनी मान हलवली. अकरा मिनिटांची उडी लाडलेसाबच्या लक्षात आली असती, टोल चुकला हे गावाला कळलं असतं, आणि चौकीला तर हवंच होतं. त्यांनी दुपारी कचेरीत जाऊन किल्ली द्यायच्या निमित्तानं घड्याळाची पेटी उघडली आणि बुडाची चक्री फिरवली. दिवसाला तीन मिनिटं चढतील इतकी.

ते चार दिवस मी विसरलेलो नाही. घड्याळ पळत होतं आणि ते पळतं आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. शनिवारी तीन मिनिटं भरून निघाली. रविवारी सहा. मास्तर पायरीवर बसून असत, कुणी घड्याळाकडं बघितलं की त्यांच्या कपाळावर घाम येई. हवालदार रोज एकदा येऊन भिंतीसमोर उभा राही, मनगट बघे, भिंत बघे. त्याला फरक कमी होताना दिसत होता, पण तो घड्याळांचा माणूस नव्हता. त्याला वाटलं आपलंच मागं पडतंय. सोमवारी संध्याकाळी त्यानं ते कानाला लावून हलवून बघितलं.

मंगळवारी सकाळी मास्तरांनी चक्री जागेवर आणली. त्यानंतर तासाभरात जीप आली. अंमलदारांनी वायरलेसवरून वेळ घेतली आणि भिंतीवर बघितलं. अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता. हवालदाराचं घड्याळ चार मिनिटं पुढं निघालं. अंमलदार त्याला म्हणाले, "इसको ठीक करो," आणि चहा मागवला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना दंडाला धरून पायरीवर आणून बसवलं.

मला वाटलं, संपलं. मास्तरांचं संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन म्हादूच्या घरी गेले. म्हादू चाकावर गाडगी उतरवत होता. मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, "म्हादू, तुला सांगाय पायजे. तास वाजला नव्हता हे खरं, पण घड्याळ चुकीचं व्हतं. तू सहा मिनिटं उशिरा व्हतास."

म्हादूनं चाक थांबू दिलं. हात पुसले.

"मला ठाव व्हतं, मास्तर," तो म्हणाला. "निघालोच उशिरा. उठाय लागलो तर पोरीनं पानी मागितलं. ते पाजलं आन् निघालो."

मास्तरांनी विचारलं, "आता कशी हाय?"

"बरी हाय. भाकर खाल्ली काल."

मास्तर तिथंच ओल्या मातीच्या ढिगाशेजारी खाली बसले. शेरवानीला माती लागली तरी उठले नाहीत. म्हादूच्या बायकोनं गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं, ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज त्याच सडकेवरून आली आणि निजामाचं राज्य गेलं. मग भीती घर बदलून मुसलमानांच्या आळीत गेली. लाडलेसाब आणि त्याची म्हातारी महिनाभर मास्तरांच्या माजघरात होती. विचारायला आलेल्यांना शांतक्का उंबऱ्यातूनच परत पाठवत. त्या महिन्यात गावाचे टोल मास्तरांनी स्वतः दिले.

पुढं त्यांची बदली कळंबकडं झाली आणि माझी धाराशिवला. पत्रं आली, मग कमी झाली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते येरमाळ्याला. बरीच वर्षं उलटून गेली होती. यात्रेचे दिवस नव्हते, फाट्यावर तुरळक माणसं. मी धाराशिवच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो आणि समोरून येडाईच्या दर्शनाहून परतणारं एक म्हातारं जोडपं हळूहळू येताना दिसलं. शेरवानी गेली होती, अंगात साधा सदरा होता. शांतक्कांना नीट दिसत नसावं. त्यांनी मास्तरांचा दंड धरला होता. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "मास्तर, मी नारायण. चला लवकर, गाडी सुटतीया."

त्यांनी मान वर केली. मला ओळखलं, चेहरा फुलला. तेवढ्यात शांतक्का थबकल्या. त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता. मास्तरांनी माझ्याकडं बघून हात हलवला, जावा तुमी पुढं, असा. आणि ते सडकेच्या कडेला उकिडवे बसले, बायकोचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, आणि धोतराच्या काठाची चिंधी फाडून वहाण बांधायला लागले. गाडी हलली. वळणापर्यंत मला ते दिसत होते. चिंधी एकदा बांधून त्यांनी सोडली होती आणि सावकाश पुन्हा बांधत होते.